माझ्यामागं स्लॅबच्या टोळीची मुकादमकी

मी, आशाबाई कडूबा मोकासे, वय वर्षे बावन्न, शिक्षण चौथी, धंदा स्लॅब टाकणाऱ्या टोळीची मुकादम, मूळ गाव पिशोर, ता. कन्नड, हल्ली राहणार मिटमिटा, छत्रपती संभाजीनगर, हे मृत्युपत्र माझ्या हातानं लिहून ठेवते. माझं डोकं ठिकाणावर आहे. तसा डॉ. मनस्विनी सबनीस यांचा दाखला सोबत जोडला आहे. माझ्यावर कोणी दाब टाकलेला नाही. तसा माणूस अजून भेटायचा आहे.

येत्या सोमवारी माझ्या छातीचं ऑपरेशन आहे. डॉक्टरबाई म्हणतात बऱ्या व्हाल. मी थकले आहे. बरी झाले तर हा कागद फाडून नवा लिहीन, पण त्यातही हेच असेल.

शेजारचे तात्यासाहेब वैद्य कचेरीत कारकून होते. त्यांनी मला लिहायला नमुना दिला. त्यात स्थावर आणि जंगम असे दोनच रकाने आहेत. माझी खरी काळजी दोन्हीत बसत नाही, म्हणून कागद लांबला. ते म्हणाले, “आशाबाई, मृत्युपत्रात एवढं सगळं लिहायचं नसतं.” मी विचारलं, मग कुठं लिहू?

कलम १. मिटमिट्याचा गुंठेवारीतला प्लॉट व त्यावरच्या दोन खोल्या माझ्या नावावर आहेत. त्या माझ्यामागं मालकांच्या, म्हणजे माझे पती कडूबा यांच्या. त्यांना तिथून कोणी हलवायचं नाही. दाराशी भिंतीत जी लोखंडी दांडी बसवली आहे ती धरून ते उठतात, ती काढायची नाही. मालकांनंतर खोल्या मुलगा इंद्रजीत आणि सून सोनिया या दोघांच्या. दोघांच्या नावानं, एकाच्या नाही. वर पत्रे आहेत. बारा वर्षांत या शहरात आमच्या टोळीनं चारशेच्या वर स्लॅब टाकले, माझ्या घरावर पत्रेच राहिले. त्याचं मला आता काही वाटत नाही. उन्हाळ्यात तेवढं वाटतं.

कलम २. बँकेत जे निघेल ते मालकांच्या औषधपाण्याला. माझं डोरलं आणि कानातलं सोनियाला. मोडायचं असेल तर तिनं मोडावं, कोणाला विचारू नये.

कलम ३. माझा भाऊ नानासाहेब यानं माझ्या दशक्रियेला यावं, जेवावं, पण भाषण करू नये. बारा साली पाऊस गेला, विहिरीत बादली तळाला घासायला लागली, तेव्हा आम्ही चौदा माणसं जीपमधून शहरात आलो. निघताना हा म्हणाला, “चौदा जणांना नेणार कोण?” मी म्हटलं, मी. तर हा जीपच्या टपावर हात मारून सगळ्यांदेखत हसला. “चौथी शिकलेली बाई पुढारी झाली.” याला बोलायला फार छान येतं. त्या वर्षी सगळ्या गावाला काय करावं ते सांगत होता, स्वतः कुठंच गेला नाही.

कलम ४. हे कलम मुकादमकीबद्दल आहे.

मागच्या दिवाळीनंतर एका साइटवर टँकर आला नाही म्हणून आम्ही सगळे रिकामे बसलो होतो. इंद्रजीतनं मोबाईलवर बुद्धीची परीक्षा काढली. चौकोन, त्रिकोण, फिरवलेले बाण, पुढं काय येईल ते ओळखायचं. वीस मिनिटं. एकेकाला दिली. त्याला स्वतःला एकशे सत्तावीस आले. मला एकशे एकतीस. तो म्हणाला, “आई, तू तर साहेबलोकांत बसायला पाहिजे होती.” मला बरं वाटलं, खोटं कशाला लिहू.

माझी चुलत जाऊ केसरबाई पहिल्या दिवसापासून टोळीत आहे. तिनं तिसऱ्या प्रश्नालाच मोबाईल खाली ठेवला. “ह्या चौकोनाचं पुढं काय व्हतं ते मला काय इचारतो? ज्यानं काढला त्याला इचार की.” पोरांनी तिच्या बोटानं बाकीचं दाबून घेतलं. चौऱ्याहत्तर आले. तेव्हापासून तिला नावानं कोणी हाक मारीना. चौऱ्याहत्तर, पाटी आण. चौऱ्याहत्तर, चहा घे. ती चहा घेते.

इंद्रजीतनं आपला आकडा कागदावर छापून आणला, लॅमिनेशन करून पेटीत ठेवला. तेव्हापासून म्हणतो, “मुकादमाला डोकं लागतं. तुझ्यानंतर मीच. आता तर मोबाईलनं पण सांगितलं.”

पुढं चालणाऱ्याला डोकं लागतं हे मी नाकारत नाही. इंद्रजीत नकाशा बघून किती खडी, किती वाळू ते उभ्या उभ्या सांगतो. ते मला येत नाही. पण डोकं असलं की काय होतं ते मला माहीत आहे, त्याला नाही. म्हणून लिहिते.

सोळा सालच्या उन्हाळ्यात बायपासच्या पलीकडं एका बंगल्याचा स्लॅब होता. तेव्हाही दुष्काळच होता. टँकर त्या दिवशी मिळाला होता, पुन्हा आठ दिवस मिळणार नव्हता. स्लॅब एकदा सुरू केला की मधे थांबवता येत नाही, सांधा कच्चा राहतो. थांबायचं तर सुरू करण्याआधी. मिक्सर सुरू करणार तेवढ्यात केसर शिडीपाशी उभी राहिली.

“आशे, त्यो कोपऱ्यातला टेकू मला बरोबर दिसत नाय.”

“काय बरोबर दिसत नाय?”

“ते नाय सांगता येत.”

“सांगता येत नाय तर मग चढ वर.”

ती चढेना. मग मी तिला समजावलं. टेकू लावणारा सेंट्रिंगवाला नेहमीचा आहे. टेकूच्या लाकडी बल्ल्या नव्या आहेत. मी सकाळी स्वतः हलवून बघितल्या. वजन आधी मधे पडतं, कोपऱ्यावर शेवटी येतं. मागच्या महिन्यात याच टेकूंवर याच्यापेक्षा जड स्लॅब टाकला. आणि आज सोडलं तर पाणी नाही. एकामागं एक सगळं बरोबर होतं. टोळी हसायला लागली. “केसरबाई, आता सांग,” असं कोणीतरी म्हटलं. तिला सांगता आलं नाही. ती घमेलं घेऊन चढली. मी जिंकले.

अडीच वाजता तो कोपरा खाली बसला. मालक खाली होते, स्लॅबखालच्या प्लायमधून पाणी गळत होतं तिथं गोणपाट कोंबत होते. डावा पाय गुडघ्याखाली कापावा लागला.

टेकू कशानं सरकला ते मला आजही माहीत नाही. सेंट्रिंगवाला म्हणाला जमीन पोकळ होती. असेल. मला एवढंच माहीत आहे की त्या सकाळी माझ्याजवळ एक जरी उत्तर कमी असतं तर मी खाली वाकून बघितलं असतं. हुशार माणसाजवळ उत्तरं असतात. समोरचा गप्प झाला की त्याला वाटतं आपलं खरं.

केसर नंतर ‘मी म्हटलं होतं’ असं कधी बोलली नाही. मालकही कधी बोलले नाहीत. आठ वर्षं झाली. एकदा तरी बोलायला पाहिजे होतं, म्हणजे मला उलटून भांडता आलं असतं.

कलम ५. त्यानंतर मी टोळीत कायदा केला. सुरू करण्याआधी कोणीही थांबा म्हटलं तर थांबायचं आणि त्याला कारण विचारायचं नाही. मुकादमानं आधी जाऊन बघायचं. आठ वर्षांत केसरनं आम्हाला अकरा वेळा थांबवलं. नऊ वेळा काहीच निघालं नाही. दोन वेळा निघालं.

इंद्रजीतला ते नऊ दिसतात. “नऊ दिवस टोळी उन्हात बसली आई, एका बाईच्या भीतीपायी.” बरोबर आहे त्याचं. त्याचं नेहमीच बरोबर असतं. मागच्या महिन्यात मी दवाखान्यात होते तेव्हा केसर थांबा म्हणाली तर हा म्हणाला, “चौऱ्याहत्तर, कारण सांग.” आणि सगळे हसले. सुरू केलं, काही झालं नाही, स्लॅब चांगला उतरला. संध्याकाळी खाटेपाशी येऊन त्यानं मला हे हसत सांगितलं. त्या दिवसापासून मला भीती वाटते.

केसरबाईला मुकादम करा असं मी म्हणत नाही. ती उशिरा येते, तंबाखू खाते, ठेकेदारासमोर तिचं तोंड उघडत नाही. टोळी तिच्यानं आठ दिवस चालणार नाही. या सोमवारी मत देऊन आले, बोटाची शाई अजून गेली नाही. तिथंही मला हेच समजलं नाही, की कमी शहाण्याला द्यावं का जास्त शहाण्याला. वयाच्या बावन्नाव्या वर्षी एवढंच कळतं की जो कमी शहाण्याचं ऐकून घेतो त्याला द्यावं, आणि तो कोणत्या परीक्षेत सापडतो ते माहीत नाही.

कलम ६. तात्यासाहेब म्हणाले, टोळी मृत्युपत्रात देता येत नाही, माणसं कोणाच्या मालकीची नसतात. हे मला पटलं. म्हणून मुकादमकी मी कोणाला देत नाही. देता येतं तेवढं देते.

घमेली, फावडी, पाट्या ज्याच्या त्याच्या हातात आहेत त्याच्या. काँक्रीट बसवायचा व्हायब्रेटर आणि डिझेलचा मिक्सर मुलगा इंद्रजीत यास. मिक्सर सुरू करायचं लोखंडी हँडल केसरबाई हिला. ते तिनं रोज घरी न्यावं, सकाळी आणावं आणि तिला ठीक वाटेल तेव्हा इंद्रजीतच्या हातात द्यावं. दिलं नाही तर कारण विचारू नये.

तात्यासाहेबांनी चष्मा काढला. “यंत्र एकाला आणि त्याचं हँडल दुसरीला? हे कुठं टिकणार नाही हो.” मी म्हटलं, लिहू द्या.

इंद्रजीत, असलं हँडल दुकानात अर्ध्या तासात मिळतं. तुला माहीत आहे, मलाही माहीत आहे. कोणी तुला अडवू शकत नाही. फक्त टोळीला माझं सांगणं आहे. ज्या दिवशी साइटवर दुसरं हँडल दिसेल, त्या दिवशी प्रत्येकानं आपलं घमेलं उचलावं आणि घरी जावं. भांडू नये, समजावू नये. तुझ्याशी बोलण्यात कोणी जिंकणार नाही.

वाचून पाहिलं, बरोबर आहे. हरकत असेल त्यानं मी आहे तोवर येऊन बोलावं.

सही: आशाबाई कडूबा मोकासे

साक्षीदार १: मधुसूदन ऊर्फ तात्यासाहेब वैद्य, मिटमिटा. बाईंनी माझ्यासमोर सही केली. कलम ६ बद्दल मी तोंडी हरकत घेतली होती, ती त्यांनी मानली नाही.

साक्षीदार २: डॉ. मनस्विनी सबनीस. बाई पूर्ण शुद्धीत आहेत.

ठिकाण: छत्रपती संभाजीनगर
दिनांक: १६ मे २०२४