मंगळवारचा फीफी

टाकोराडी, सोमवार

ती. मामांना फीफीचा आदरपूर्वक नमस्कार.

गुडघे काय म्हणतात? मामींचा खोकला गेला का? तुम्ही पाठवलेली सुकी मासळी आईला मिळाली, आणि ती संपल्यावर तिने तुमची आठवणही काढली. मी मजेत आहे. हे पत्र कागदावर का, असं तुम्हाला वाटेल. माझा जुना फोन ठणठणीत आहे, पण ज्यांनी तो बनवला त्यांनी त्याची विचारपूस बंद केली, त्यामुळे त्यावरून निरोप जात नाहीत (मदतकेंद्रातली मुलगी म्हणते, “दादा, आता नवा घ्या”), आणि नवा फोन ऑफिसने दिलाय, त्यात ऑफिसला सगळं दिसतं. या नव्या फोनांचं चार्जिंगचं भोक मात्र सगळ्यांचं सारखं. पूर्वी ऑफिसात जितके फोन तितकी भोकं, त्यामुळे ज्याचा चार्जर त्याच्याकडे राहायचा. आता माझा चार्जर टेबलाटेबलांवरून हिंडतो आणि संध्याकाळी कोणाच्या घरी मुक्कामाला जातो, पत्ता लागत नाही. मोठी सोय झाली असं सगळे म्हणतात, मीही म्हणतो.

तर मुद्दा असा. अक्राच्या मुख्य कचेरीने आमच्या कॉम्प्युटरांत एक पहारेकरी बसवलाय. दर तासाला तो एक गुप्त प्रश्न विचारतो, आणि उत्तर बरोबर आलं की माणूस जागेवर आहे असं अक्राला कळवतो. गुप्त प्रश्न कोणता, तर तुमचा जन्म कोणत्या वारी झाला. (ज्या परदेशी लोकांनी हे बनवलं, त्यांच्याकडे म्हणे जन्मवार आईशिवाय कोणाच्या लक्षात नसतो.) आपल्याकडे नाव सांगितलं की वार सांगून झाला. आमच्या शाखाप्रमुख एकुआ मॅडम बुधवारच्या, क्वेसी रविवारचा, आतो शनिवारचा. मी फीफी, म्हणजे शुक्रवारचा, असं सगळं ऑफिस धरून चालतं. आजोबांचं नाव चालवायचं म्हणून बाबांनी मंगळवारी जन्मलेल्या पोराला फीफी केलं, हे त्यांना कुठून ठाऊक असणार? मी आपला शहाण्यासारखा मंगळवार भरून मोकळा झालो.

गेल्या शनिवारी आराबामावशींना शेवटचं पोचवायचं होतं. आमच्या फाटकाशी मक्याचं केंके आणि तळलेली मासळी विकायच्या त्या, आणि त्यांच्या हातचं खाल्लं नाही असा एक माणूस ऑफिसात नाही. दुखवट्याचं काळं-लाल नेसून झाडून सगळे निघाले, एकुआ मॅडम सर्वांत पुढे. क्वेसीचा पाय मुरगळला होता, तो मागे राहिला. मॅडम त्याला म्हणाल्या, “बसलाच आहेस तर सगळ्यांची उत्तरं देत जा रे.” तो बिचारा लंगडत टेबलं फिरला. आम्ही मांडवात रीतीप्रमाणे नाचत होतो (बँड झकास, भातात मीठ कमी) आणि अक्राला मात्र आम्ही मान मोडून काम करताना दिसत होतो. फक्त माझ्या टेबलावर घोटाळा झाला. क्वेसीने शुक्रवार लिहिला. मग पुन्हा शुक्रवार. मग चिडून मोठ्या अक्षरांत शुक्रवार. तिसऱ्या चुकीला माझं खातं बंद पडलं आणि तिकडे अक्राला घंटा वाजली.

आता अक्रा विचारतंय, सगळी शाखा राबत असताना हा एकटा कुठे उलथला होता? महिनाअखेरीपर्यंत पटेल असा खुलासा द्या, नाहीतर घरी बसा. खरं सांगावं तर मॅडमसकट सगळे घरी बसतील, म्हणून मी तोंड शिवून आहे. मॅडम माझ्या टेबलाशी येऊन म्हणाल्या, “फीफी, आमची अब्रू राखलीस रे बाबा. पण तुझ्या घरच्यांना एक वार धड सांभाळता आला नाही होय?” बाकी माझा थाट विचारू नका. रोज कोणी ना कोणी माझ्यासाठी डबा आणतं, वजन वाढलंय. पण मामा, मला ही नोकरी आवडते, आणि आईला या वयात पुन्हा घर बदलायला लावायचं माझ्या जिवावर येतं.

मामींना आणि घरातल्या सगळ्यांना नमस्कार.

तुमचा भाचा,
फीफी

ता. क. नात्यातल्या माणसाच्या अंत्यविधीला न विचारता गेलेलं कंपनीला चालतं. फक्त कुळाच्या प्रमुखाचं पत्र लागतं, आणि आईकडून चालणाऱ्या आपल्या कुळाचे प्रमुख तुम्हीच. आराबामावशी आपल्यातल्या होत्या, एवढं दोन ओळींत लिहून द्याल का?

ता. क. २. त्यांच्या मुलीला विचारलं. त्या न्सोना कुळातल्या निघाल्या, आपण अनोना. म्हणजे नातं शून्य. खोटं लिहा म्हणायची माझी छाती नाही. लिहिलंत तरी, नाही लिहिलंत तरी, एक गोष्ट तुम्हाला माहीत असू द्या.

मी इथे नवा होतो तेव्हा नाव सांगूनही मावशींनी मला वार विचारला होता. म्हणाल्या, “तोंडावरून तू शुक्रवारचा वाटत नाहीस.” मंगळवार ऐकून इतक्या खूश झाल्या, कारण आराबा म्हणजे त्याही मंगळवारच्याच. तेव्हापासून मला फीफी कधी म्हणाल्याच नाहीत. मंगळवारचा म्हणून एबो म्हणायच्या, आणि मासा वाढताना मधला तुकडा द्यायच्या. परवा क्वेसी हळहळत होता, “अरे, फाटकापर्यंत जाऊन कोणाला तरी विचारून आलो असतो.” त्याला काय सांगू? फाटकाशी ज्यांना माहीत होतं, त्यांनाच आम्ही पोचवायला गेलो होतो.