कोऱ्या फॉर्मवरचा अंगठा

हनुमंतनगर, बेंगळूरु
२४ जानेवारी

प्रिय अण्णास,

नमस्कार. इकडे सगळे बरे आहेत, असं लिहायची रीत आहे म्हणून लिहिते. वहिनींचा गुडघा कसा आहे? सुपारी सोलून झाली का? आमच्याकडे अवरेकाळूचा मोसम, बाजारभर पावटेच पावटे. रोज नाचणीचे मुद्दे आणि अवऱ्याची आमटी, पोरं कंटाळली आहेत. मला आठ दिवस घास उतरत नाही, पण त्यात अवऱ्याचा दोष नाही.

फोनवर तू मला वाक्य पुरं करू देत नाहीस. पत्र मध्येच तोडता येत नाही, म्हणून हे लिहिते.

पवित्रा तळवार नावाची एक मुलगी आहे. कोप्पळकडची, बी.ए.च्या शेवटच्या सत्राला. जन्मापासून डोळ्यांनी दिसत नाही. ती उत्तरं सांगते, लेखनिक मुलगी लिहिते, आणि तीन तासांच्या पेपरला एक तास जादा मिळतो. नियमच आहे, तुला मी काय सांगणार, माझ्याआधी बावीस वर्षं परीक्षा विभागातलं हेच टेबल तू सांभाळलंस. तर नोव्हेंबरात इतिहासाच्या पेपरला बरोबर एक वाजता पर्यवेक्षकांनी तिची उत्तरपत्रिका ओढून घेतली. दोन मोठे प्रश्न राहिले होते. ती म्हणाली, "सर, माझा एक तास आहे अजून." सर म्हणाले, "तूच नको म्हणून लिहून दिलंयस की." सहा मार्कांनी नापास झाली. फेब्रुवारी संपायच्या आत पासचा कागद दाखवला नाही तर बी.एड.ची जागा जाते. मग बाप गावी घेऊन जाणार. एकदा नेली की तिला परत कोण आणतंय?

तिने तक्रार केली. फाइल काढली तर खरंच फॉर्म निघाला. "जादा वेळ नको." खाली तिचा अंगठा. खोटा नाही, तिचाच.

आता ही पद्धत कोणाची ते तुला माहीत आहे. लिफ्ट बंद होती, पोरांना तीन जिने चढून पुन्हा पुन्हा यायला नको, म्हणून हॉलतिकीट देतानाच कोऱ्या फॉर्मवर अंगठा घेऊन ठेवायचा आणि बाकीचं आपण भरायचं. मला टेबल सोपवताना तू हे केवढ्या कौतुकाने सांगितलं होतंस. लिफ्ट दुरुस्त होऊन नऊ वर्षं झाली, अण्णा. अंगठे चालूच आहेत.

आणि त्या कोऱ्या जागेत काय भरतात माहीत आहे? उत्तरपत्रिकांचे गठ्ठे न्यायला गाडी दीड वाजता येते. एका मुलीसाठी गठ्ठा अडला तर सगळ्यांना दोनपर्यंत थांबावं लागतं. म्हणून आमचे अधीक्षक रुद्रप्पा आदल्या दिवशी बसून "नको" लिहून टाकतात. मी यंदाचे सगळे फॉर्म काढून बघितले. चौदापैकी अकरांवर "नको". एकच पेन, एकच अक्षर. एका मुलाचे हात थरथरतात, एक ओळ लिहायला त्याला पाच मिनिटं लागतात, त्याच्याही फॉर्मवर "नको". मी रुद्रप्पांसमोर तो गठ्ठा ठेवला तर म्हणतात, "वनजाक्षीबाई, ह्यांना जादा वेळ देत बसलो तर आपल्याला जेवायला वेळ कोण देणार?" आणि सगळं ऑफिस हसलं. डबे उघडे होते, चित्रान्नाचा वास सुटला होता.

त्या मुलीला सही येते. तिने तसं काउंटरवर सांगितलंही होतं. पण अंगठा घेतला गेला. ऑफिसात कोणाला थांबायला वेळ आहे?

तीन तारखेला चौकशी आहे. मी काय सांगू ते कळव.

तुझी,
वनजा


हनुमंतनगर
५ फेब्रुवारी

अण्णा,

तुझा फोन आला तेव्हा मी "हं, हं" म्हणत होते, ते ऐकून घेण्यापुरतं होतं. "तोंडाला कुलूप लाव, तुझी अजून पाच वर्षं राहिली आहेत, माझ्या नावाला काळं फासू नकोस." एकदाही त्या मुलीचं नाव विचारलं नाहीस.

मागच्या पत्रात मी ऑफिसवर ढकलून मोकळी झाले. काउंटरवर मीच होते. ती म्हणाली, "मॅडम, मला सही येते, पट्टी आहे माझ्याकडे." अंधांच्या शाळेत सही शिकवायला देतात ती खाचेची पुठ्ठ्याची पट्टी तिने पिशवीतून काढलीसुद्धा. मी म्हटलं, "राहू दे बाळ, मागे रांग आहे." तिचा अंगठा धरला, शाईवर दाबला, कागदावर टेकवला. कागद कोरा आहे हे तिला दिसत नव्हतं, मला दिसत होतं. वर त्याच टेबलावरच्या कळकट फडक्याने तिचं बोट पुसलं आणि "झालं हं" म्हटलं. लाडात. त्या "झालं हं"ची मला सगळ्यात जास्त शिसारी येते. तुझ्याकडून उचललेलं आहे ते, पण तोंड माझं होतं.

चौकशीच्या आधी रुद्रप्पांनी मला बाजूला घेतलं. म्हणाले, "आत बसा, पण आवाज काढू नका. आंधळी माणसं आवाजावरून ओळखतात." असं कोणी बोलू शकतं, आणि बोलून लगेच कॉफी मागवू शकतं. मी निमूट आत जाऊन बसले.

तीन जणांची समिती. मध्ये निवृत्त प्राचार्या कमलाक्षम्मा, समोर काजूची बशी. पवित्रा माझ्यापासून चार हातांवर. तिने न अडखळता सगळं सांगितलं. कमलाक्षम्मांनी विचारलं, "अंगठा कोणी घेतला ते सांगता येईल?" ती म्हणाली, "नाव माहीत नाही. पण बोलल्या तर ओळखेन." रुद्रप्पा म्हणाले, "काउंटरवरच्या बाई रजेवर आहेत." आणि माझ्याकडे बघून काजू तोंडात टाकला.

मी गप्प बसले, अण्णा. बांगड्या वाजू नयेत म्हणून हात मांडीत दाबून धरले होते. पंचावन्न वर्षांची बाई, दोन पोरांची आई, एका बावीस वर्षांच्या मुलीपासून लपून बसले होते, तेही तिच्या समोर.

फॉर्म खरा, अंगठा खरा, तक्रारीत तथ्य दिसत नाही, असं ठरलं. कारकुनाने लिहायला घेतलं. पवित्रा उठली. तिच्याबरोबर कोणी आलं नव्हतं. त्या खोलीच्या दाराशी एक उंच पायरी आहे, तुला आठवत असेल. तिची काठी पायरीच्या पलीकडे टेकली आणि ती पाऊल टाकणार, तेवढ्यात माझ्या तोंडून निघून गेलं, "बाळ, पायरी आहे."

ती थांबली. पडली नाही. माझ्याकडे वळून म्हणाली, "तुम्हीच ना?"

रुद्रप्पा खोकत राहिले. मला अजून नाही म्हणता आलं असतं, पाहुणी आहे म्हणता आलं असतं. मी म्हटलं, "हो, मीच."

ती म्हणाली, "मग त्यांना सांगा."

मी सांगितलं. फॉर्म कोरा होता, अक्षर कोणाचं, गाडी किती वाजता येते, अकरा पोरांचे पेपर कसे ओढले, सगळं. पद्धत कोणी सुरू केली असं कमलाक्षम्मांनी विचारलं तेव्हा तुझं नाव घेतलं. लिफ्टचंही सांगितलं, त्यात काही खोटं नव्हतं. पण लिफ्ट सुरू झाल्यावरही तू तेरा सत्रं अंगठे घेत राहिलास, तेही सांगितलं. तुला राग येईल, येऊ दे. मलाही तुझा राग आहे, आणि तो या एका पत्रात मावणारा नाही. माझी नोकरी तू लावलीस हे मी विसरले नाही, पण त्याची फेड त्या मुलीने का करायची?

मला निलंबित केलंय. रुद्रप्पा वैद्यकीय रजेवर गेले आहेत, म्हणजे ते सुटतील. अकराही जणांची फेरपरीक्षा अठरा तारखेला ठेवली आहे, पुऱ्या चार तासांची.

काल मी पवित्राच्या वसतिगृहावर गेले होते. कशाला गेले ते नीट सांगता येत नाही. माफी मागायला म्हण. ती खाली आली, ऐकून घेतलं, खुर्चीवर बसा म्हणाली, पाणी विचारलं. मी म्हटलं, "अठराला मी येते. फाटकापासून खोलीपर्यंत हात धरून नेईन, बाहेर बसेन, कोणी एक मिनिटसुद्धा कापू देणार नाही."

ती अगदी सरळ आवाजात म्हणाली, "नको मॅडम. तुम्ही माझा हात पुन्हा धरू नका."

तुझ्याच हाताखाली शिकलेली,
वनजाक्षी