आटवलेलं पाणी

३ मार्च
बाटली आज पण काळी पडली नाही. जिंकलो!
आरोग्य केंद्रातल्या सिस्टरनं दिलेली. हिरीचं पाणी भरून ठेवायची, काळी झाली तर पाण्यात जंतू. जानेवारीत डांबरासारखी झाली होती. लेकीचं, रेणूचं बाळंतपण आपल्याकडं ठरलेलं, म्हणून गाळ काढला, ब्लिचिंग पावडर टाकली, उपसा केला, परत टाकली. आता नातीला हेच पाणी. आपल्या हातानं खांदलेली हीर आहे, तिच्याच पाण्यावर घर उभं राहिलं. अख्खी गल्ली भाईरच्या तोटीवर भरून नेते.
बाटली दुकानात नेऊन काउंटरवर ठेवली. मोटर रिवाइंडिंगला घेऊन आलेला एकजण म्हणाला, "अप्पा, हे काय, तीर्थ का?" म्हटलं, तीर्थच समज, पण पिऊ नको.
रेणूला दूध पुरंना. डॉ. नी दूध पावडरचा डबा लिहून दिला. आमच्या हिची पद्धत म्हणजे हिच्या आईची पद्धत: वावडिंग टाकून पाणी चुलीवर ठेवायचं, निम्मं होईस्तोवर आटवायचं, मग त्यात पावडर कालवायची. "आटलं की पाणी हलकं व्हतं, लेकराला बादत न्हाई." दोन तास पातेल्याजवळून हलत नाही. मी चहा मागितला तर म्हणते, "आदी तिचं."

७ मार्च
पालमहून विहीणबाईंचा फोन. बाळाचं जावळ, बाळाचं वजन, मग खरा मुद्दा.
"ईवाई, पाणी कोणचं पाजायलेत पोरीला?"
"आमच्या हिरीचं. औषध टाकून, तपासून, आटवून."
"हिरीचं? आमी तर जारचंच पितो बगा आता."
म्हटलं, "जारचं पाणी लग्नातलं हो. वऱ्हाड्याला देतात, घरच्याला न्हाई."
मग "बरं बरं." ते 'बरं' मला नीट ऐकू आलं. फोन ठेवल्यावर हिनं कपाळाला हात मारला. "कामून खाजवता हो त्यांना?"
पण मजा आली.

११ मार्च
बाळाचं रडणं बदललंय.
सकाळी अंगणात उभा होतो तेव्हा ओळखलं. आधी रडायची तर गल्ली उठायची. आता आवाज आहे, ओढ नाही. तीन फेजच्या मोटरीचा एक फेज गेला की ती अशीच घुमते, फिरत नाही. तशीच चालू ठेवली की जळते.
हिला सांगितलं. "आवं, लेकरू हाय ते, पाच एचपी न्हाई."
रेणू हसली. मीही हसलो. दुकानात गेलो, हात चालेना. दुपारी परत येऊन दाराआड उभं राहून ऐकलं. तेच.

१२ मार्च
जुलाब सुरू. इथल्या डॉ. कडं नेलं. छाती साफ म्हणाले, दूध पाजत रहा, पाणी उकळूनच वापरा. रडण्याचं बोललो. त्यांनी नळी लावून पुन्हा ऐकलं, मान हलवली. मी तरी कुठल्या तोंडानं सांगू, की मोटरवाला आहे, मला ऐकू येतं?
घरी आल्यावर हिनं मोठं पातेलं काढलं. आता निम्मं नाही, पाव करायचं ठरलं. वावडिंगाचा वास घरभर.

१३ मार्च
आज रडलीच नाही फारशी. ही म्हणते, गुण आला.
मला रडणं पाहिजे होतं.

१४ मार्च
ओठ.
रेणूनं दूध पाजायला उजेडात धरलं आणि किंचाळली. ओठ आणि नखं, शाई सांडल्यासारखी. अंग राखेच्या रंगाचं. जीप सांगितली, निघालो. गंगाखेड मागं पडलं. ही बाळाच्या गळ्यात बांधलेलं इष्टलिंग मुठीत धरून बसलेली. मी पुढच्या सीटवर, कान मागं. श्वास मोजत नव्हतो, नुसता आहे का तेवढं…
परभणी. ऑक्सिजन लावला. रंग आहे तसाच. हृदयाला छिद्र आहे का म्हणून मशीन लावलं. नाही. मग डॉक्टर मॅडमनी रक्त काढलं. कापसावर डाग पडला तो मी पाहिला. लाल नव्हता. चॉकलेटी.
मॅडम थांबल्या. "दूध कशात कालवता?"
हिनं सांगितलं. ताठ मानेनं सांगितलं. हिरीचं पाणी, औषध टाकलेलं, तपासलेलं, वावडिंग टाकून निम्मं आटवलेलं, जुलाब लागल्यापासून तर पाव.
मॅडम हळू म्हणाल्या, "आजी, खारं पाणी आटवलं तर खार जातो का?"
वरण आटलं की खारट होतं, हे हिला कोणी शिकवायची गरज नाही. उत्तर तिच्या तोंडावर आलं, मी बघितलं. मी तिच्याकडं बघायला नको होतं.
नायट्रेट नावाचा खार. चव नाही, वास नाही, रंग नाही. उकळून जंतू मरतात, हा मरत नाही, कारण तो जिवंतच नसतो. पाण्याची वाफ होते, हा तळाला राहतो, दाट होत जातो. आपण मोठी माणसं पचवतो. एवढ्याशा लेकराच्या रक्तात गेला की रक्त हवा धरत नाही. माझ्या बाटलीत हा दिसतच नाही म्हणे. ती फक्त जंतूंची.
हे मॅडमचं अनुमान. खात्रीची तपासणी लावली आहे, पण थांबायला वेळ नाही म्हणाल्या, इलाज सुरू केला.

१५ मार्च
औषध निळं. निळ्या पडलेल्या लेकराला निळंच औषध, सलाईनमधून. आम्ही काचेबाहेर. जावई विजय पालमहून आलेला, चपला दोन वेगवेगळ्या.
आधी ओठांच्या कडा गुलाबी झाल्या. मग हिरड्या. रेणू भिंतीला टेकून खाली बसली. दुपारी लंगोट बदलला तर हिरवट निळा! ही घाबरून ओरडली, नर्स म्हणाली, औषधाचा रंग आहे, निघून जाईल.
संध्याकाळी रडली. पूर्ण दाबानं. वॉर्डातल्या बाकीच्या बाया बघायला लागल्या. नर्सला म्हटलं, रडू द्या, गप करू नका.
रक्ताची तपासणी मॅडमच्या अनुमानासारखीच आली. पोर वाचली. पण "वेळ झाला असता तर" एवढं बोलून त्या थांबल्या.

१८ मार्च
बाळ अजून तिथंच, बरी आहे. मी पाणी तपासायला दिलं होतं, आज रिपोर्ट. नायट्रेट जितकं चालतं त्याच्या चौपट.
प्रयोगशाळेतला माणूस शांत. विचारतो, हिरीच्या वरच्या अंगाला काय आहे? सांगितलं. शेजारच्या सुमनवैनीचा गोठा आणि उकिरडा, आणि आपल्याच संडासाचा शोषखड्डा. तो मान हलवत गेला. मूत, शेण, मैला, खत, सगळ्याचं शेवटी हेच होतं आणि खाली झिरपतं.
"ब्लिचिंग अजून टाकू?"
"त्यानं हे जात नाही."
"मग?"
"पिण्यासाठी बंद करा. आरओचं पाणी प्या. वरची घाण हलवा. हीर सुधारेल, पण एक-दोन वर्षं धरा. पावसाळ्यानंतर परत तपासा."
जळालेली मोटर मी दोन दिवसांत देतो. इथं दोन वर्षं.

२० मार्च
घरी आलो सगळे. जार आले. लग्नातलं पाणी.
ही स्वैपाकघरात जाते, भाकरी करते, भाजी करते. बाळाच्या दुधाला हात लावत नाही. रेणू जारचं पाणी एक उकळी आणते आणि कालवते. आटवायचं नाही, उकळी आली की खाली. ही दारातून बघते. मोठं पातेलं तिनं घासून पालथं घातलंय, माळ्यावर.
मी म्हटलं, "तुझी काय चूक? डॉ. पण उकळा म्हणाले."
"उकळा मनले. आटवा न्हाई मनले."
उद्या विहीणबाई येणार. ही म्हणते, इन्फेक्शन झालं मना, पाण्याचं काढू नका. रेणू म्हणते, अप्पा, खोटं नको. मी दोघींच्या मधे, नावाचाच कारभारी, कामाचा नसलेला.

२१ मार्च
आल्या. पाणी दिलं. तांब्याकडं बघून, "जारचं का?"
"जारचं."
"लग्नातलं मनले व्हते न्हवं ईवाई?"
"मनलो व्हतो." आणि सगळं सांगून टाकलं. हिरीचं, आटवण्याचं, रक्ताच्या रंगाचं. मधे कुठं थांबलो असतो तर पुढं सांगता आलं नसतं. ही पदर तोंडाला लावून भिंतीकडं.
विहीणबाई बराच वेळ बाळाचे ओठ बघत होत्या. मग एवढंच म्हणाल्या, "मी पोरीला घेऊन जाते."
रेणू म्हणाली, "पाणी पुजल्याबिगर कशी येऊ?"
सव्वा महिना झाला की बाळंतिणीनं हीर पुजायची, मगच दुसऱ्या घराची वाट. तेवढ्यावर अडलं. विहीणबाईंनी ठरवलं, पूजा होईस्तोवर इथंच राहायचं, पूजा झाली की त्याच दिवशी पालम.
दुपारी मागच्या दारी त्या विजयशी फोनवर बोलत होत्या. मी आत हिशोब बघत होतो, म्हणजे बघत नव्हतो. "आरं, मीबी आसंच केलं आसतं," म्हणाल्या. "मीबी निम्मंच आटवलं आसतं. तुला बी तेच पाजलं. पर रेणूला सांगू नको, न्हाई तर मला बोलायला जागाच ऱ्हाणार न्हाई."
हिला सांगितलं. ही पोळपाट पुसत होती, पुसतच राहिली. "तुमाला समदंच ऐकू येतं," म्हणाली.

२३ मार्च
भाईरची तोटी बंद केली. दहा मिनिटांत सुमनवैनी घागर घेऊन दारात.
"पाणी अडवायलेत का भावजी? ह्या पाण्यावर आमचं आयुष्य गेलं. मेलो का आमी?"
"धुण्याभांड्याला नेऊ द्यायचंय वैनी, पण पिऊ नका. बंद न्हाई केलं तर तुमी पेणार."
"काय झालंय त्याला? गोड तर हाय!"
"गोडच हाय. त्याचीच तर फसवणूक हाय." रिपोर्ट दाखवला नाही, त्यांना वाचून काय. बाळाचं सांगितलं. मग म्हटलं, "तुमच्या सूनबाईला सातवा लागलाय."
वैनीनं घागर कमरेवरची खाली ठेवली. "म्हंजे माज्या जनावरांमुळं मनायचंय तुमाला?"
"तुमच्या जनावरांमुळं आन माज्या संडासामुळं. माजा खड्डा मी आधी उकरणार. तुमचं तुमी बगा."
भांडल्या नाहीत. ते जास्त लागलं. रिकामी घागर घेऊन गेल्या.

२५ मार्च
सकाळी फावड्याचा आवाज. भिंतीपलीकडं. उकिरडा उचलायलेत. मी चहा पाठवला. कप धुऊन परत आला, निरोप नाही.
माझ्या खड्ड्याला उद्या माणसं लावतो. नवीन कुठं घ्यायचा, उताराच्या अंगाला जागा आहे. हिरीपासून लांब.

२८ मार्च
आज पाणी पुजलं.
गल्लीतल्या बाया आल्या, नेहमीच्या निम्म्या. सुमनवैनी आल्या. एकीनं हळू विचारलं, आता जारलाच हळदकुंकू लावायचं का गं? हसल्या सगळ्या. विहीणबाईसुद्धा. मीही हसलो.
रेणूनं काठावर पाच खडे मांडले, हळदकुंकू वाहिलं, ओंजळीनं पाणी घातलं. मला वाटलं होतं, तिला राग येईल हिरीचा. ती वाकून बराच वेळ खाली बघत होती. आत कबुतर फडफडलं.
कळशी भरून घराकडं निघाली. रीत अशी, की ते पाणी घरात न्यायचं. उंबऱ्याशी थांबली. ही दारात. दोघीत ती भरलेली कळशी. कोणाला काय करावं कळेना. मागं बाया थांबलेल्या.
हिनंच हात पुढं केले. कळशी घेतली, आत नाही नेली, पपईच्या आळ्यात ओतली. शेवटचा थेंब पडेस्तोवर. विहीणबाई म्हणाल्या, "झाडाला पचंल. बरं केलं." आता मात्र 'बरं' वेगळं होतं.
तेवढ्यात आत बाळ रडायला लागलं.
सगळ्या थांबल्या, आणि माझ्याकडं बघायला लागल्या. ही, रेणू, विहीणबाई, सुमनवैनी पण. पंधरा दिवसांमागं ही आणि रेणू हसल्या होत्या. रेणू म्हणाली, "सांगा अप्पा. कसं रडायलंय?"
नीट ऐकलं. "भूक हाय."
रेणू आत वळली, मग थांबली. आईकडं बघून म्हणाली, "आई, तू कर दूध. मला साडी बदलायचीय, जीप येईल."
साडी बदलायची काही घाई नव्हती. जीप चारला सांगितली आहे.
ही ओट्यापाशी गेली. पातेलं घेतलं, ते छोटं. जारच्या तोटीखाली धरलं. तोटी दाबली नाही. नुसती उभी राहिली. विहीणबाई स्वैपाकघराच्या दारात आल्या, आत गेल्या नाहीत.
बाळ अजून रडत होतं. पूर्ण दाबानं.
मी अंगणात. पाणी पडल्याचा आवाज ऐकायला उभा.