देव्हाऱ्यातला रोमन मूळपुरुष

बाबा, दादा आत्ता मुरबाडला सोनाराच्या दुकानात बसलाय आणि मी इथे शहापुरात फोनकडे बघत बसले आहे. त्याच्या मुलाच्या लग्नाआधी तुमचा चांदीचा टाक करून देव्हाऱ्यात पितरांच्या रांगेत बसवायचाय; तुम्ही गेल्यापासून बारा वर्षं ते राहूनच गेलं. "माजा टाक देव्हाऱ्यातल्या त्या नाण्याच्या चांदीचा करा," असं तुम्हीच सांगून ठेवलं होतं. ते आटवायला घेऊन तो सकाळी निघाला, आणि मला कळवलं ते दुकानात पोचल्यावर.

धसईच्या शेतात बांध घालताना ते नाणं तुमच्या कुदळीला लागलं होतं. एका बाजूला डोक्यावर पानांची माळ बांधलेला पुरुष, दुसऱ्या बाजूला ढाली धरून उभी दोन पोरं. हा आपला कुणीतरी मूळपुरुष आणि ही त्याची पोरं, असं ठरवून तुम्ही त्याला टाकांशेजारी बसवलंत. दसऱ्याला टाक घासायचं काम माझं. मी राख नि चिंच घेऊन जोर लावतेय, आणि तुम्ही एकदम माझं मनगट धरता. "तोंड नको घासू गो. मानूस हाय तो." तुम्ही मला कधी मारलं नाहीत, पण ती पकड अजून आठवते.

पुढे मी इतिहास शिकले, शिकवायला लागले. मुंबईच्या वस्तुसंग्रहालयात काचेमागे तोच चेहरा दिसला, तीच दोन पोरं. रोमचा सम्राट आणि वारस म्हणून त्याने मिरवलेले त्याचे नातू. सरकारात जमा करू या, असं मी म्हटल्यावर तुम्ही म्हणालात, "राजा आसंल त्याच्या घरी. आपल्याकं आला, आता त्याला भायेर काढायचा नाय." मी फणकाऱ्याने निघून आले. दर दसऱ्याला सम्राटाचं नाक झिजतंय, एवढंच मला दिसत होतं. तुमच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला त्या वर्षी मी नाणं उचललं, कथलाची हुबेहूब नक्कल ओतून घेतली आणि ती जागेवर ठेवली. तुम्ही शेवटपर्यंत त्या कथलापुढे हात जोडलेत, आणि मी शेजारी उभी राहून डोळे मिटून घेतले.

फोन आला. सोनाराने घासून पाहिलं, चांदी नाही. दादाचा आवाज पार उतरला होता. "बाबा येवढी वर्सं खोट्याला पुजत होता गो." तुम्हाला भोळसट ठरवलेलं मला सोसलं नाही. मी म्हणाले, "खोटा मी ठेवला. खरा माज्याकं हाय. तो आटवायचा नाय, टाकाला दुसरी चांदी घे. मी येते घेऊन." तुम्हाला हे ठाऊक होतं का, एवढंच त्याने विचारलं. मी नाही म्हणाले. त्याने फोन ठेवला.

तुमचा शब्द मोडला, बाबा. तुमच्या टाकाशेजारी ते नाणं पुन्हा बसेल, दादाने मला उंबऱ्याच्या आत घेतलं तर. एसटीची वेळ झाली, हा कागद वहीतच राहील. जमा करायचं म्हणून उचललेलं ते नाणं मी कधीच कुठे जमा केलं नाही. कपाटात साड्यांखाली आहे. दर दसऱ्याला दार लावून घेते आणि चिंचेने धुते, तोंड सोडून.