थ्रॉटल उजवीकडे

लातूर

प्रिय दया,

तुझं रिमोटचं विमान लातूरला नीट पोचलं. गाडीच्या मागच्या सीटवर आडवं टाकून आणलं. पंखाची कड जरा दबली होती, ती वाफेवर धरून सरळ केली. आरतीवहिनींनी ते कपाटावरून काढलं तेव्हा तू खिडकीकडे बघत होतास, आणि “ने तूच, हितं धूळ खायलंय” एवढंच म्हणालास. मी गुमान उचललं. तिथे बोललो असतो तर भांडण झालं असतं.

घरी आल्यावर आतला जुना रिसीव्हर काढला आणि स्टॅबिलायझरवाला बसवला. तुला ही भानगड पटायची नाही. विमान माणसानं उडवायचं, डबीनं नाही, असं तू मला कितीदा ऐकवलंयस. पण ऐकून तर घे. एवढीशी डबी आहे. वाऱ्यानं पंख कलला की तिला आतून कळतं, आणि ती स्वतःच पंखावरच्या झडपा हलवून विमान सावरते. विमानाचा तोल जिथे साधतो तिथे, सपाट, बाण नाकाकडे करून ती चिकटवली. मग बुडबुड्याची लेव्हल लावून टेबल सरळ केलं, विमान त्यावर ठेवलं आणि सपाट म्हणजे काय ते डबीला शिकवलं. तेवढा वेळ सुकन्याला, माझ्याच बायकोला, खोलीत पाऊलसुद्धा टाकू दिलं नाही.

तरी पहिल्या खेपेला घोळ झालाच. हरंगुळकडे मेव्हण्याचं शेत आहे, सोयाबीन निघालंय, रान मोकळं आहे. विमान हातातून सोडायला सुकन्याला नेलं. सुटलं ते उजवीकडे कललं, सावरायचं सोडून आणखीच कललं आणि ढेकळांत नाक खुपसून पडलं. सुकन्या म्हणाली, “हे सोताहून सावरतंय व्हय?” उजवा पंख खाली दाबला तर उजवी झडप खाली जायला हवी, म्हणजे पंख उचलला जातो. आपली वर जात होती. डबी मन लावून उलटी दुरुस्ती करत होती. हातात धरून आधी बघितलं असतं तर नाक वाचलं असतं. ते चिकटवलं, दिशा बदलली, नाक खाली केलं की शेपटीची झडप वर उठते ना तेही बघून घेतलं. मग पंख हिव भरल्यासारखे थरथरायला लागले. डबीचा जोर जास्त झाला होता, तो थोडा थोडा कमी करत आणला. आता विमान शहाण्यासारखं उडतं.

तुला न विचारता आणखी एक केलंय. रिमोटची डावी दांडी बंद केली आणि मोटरचा वेग कमीजास्त करणारी थ्रॉटल उजवीकडच्या खटक्यावर घेतली. बंद, निम्मी, पूर्ण. रिमोट गळ्यातल्या पट्ट्याला टांगायचा. अडचण एवढीच, की खटका हलवायला उजवा हात दांडीवरून उचलावा लागतो आणि तेवढा वेळ विमानाला धनी नसतो. डबी बसवली ती तेवढ्यासाठी. दांडी सोडली की विमान आपलं आपण सरळ होतं आणि तुझी वाट बघत राहतं.

मी तसंच उडवून बघितलं. डावा हात खिशात घातला, पण तो सारखा बाहेर यायचा. शेवटी सुकन्यानं तो ओढणीनं माझ्या पोटाशी बांधला. तेव्हापासून तिची थट्टा बंद झाली. “त्यांना जमंल का हो?” असं तिनं विचारलं. खरं सांगतो, मलाच जमत नव्हतं. उतरवताना दोनदा नाकावरचा फिरता पंखा मोडला. आता जमायलंय. मोटर लांबूनच बंद करायची, घसरत येऊ द्यायचं आणि जमीन जवळ आली की नाक किंचित वर.

हे सगळं फोनवर सांगितलं असतं. पण झटका आल्यापासून तू फोन घेत नाहीस. जीभ जड झालीय म्हणून वहिनींच्या हातात देतोस, आणि त्या “झोपलेत” म्हणतात तेव्हा मागे तुझं खाकरणं मला ऐकू येतं. डावा हात परत येईल का, ते डॉक्टरांना ठाऊक. मला एवढंच कळतं की विमान तू बनवलंस, आणि ते मी ठेवून घेणार नाही. रविवारी सकाळी वारा पडलेला असतानाच मी आणि सुकन्या नांदेडला येतोय. तिथून तुझ्या मुदखेडच्या रानात जायचं. तिथे कुणाशी बोलायचं नाही, माझ्याशीही नाही. विमान सुकन्या सोडेल. पडलं तर नाक परत चिकटवू. नाही म्हणायचं असेल तर तेवढ्यासाठी तरी स्वतः फोन कर. नाहीतर वहिनींकडून बूट घालून घे आणि दारात बस.

तुझाच, आणि तुझ्या विमानाचा रविवारपर्यंतचा राखणदार,
मल्लिनाथ