दाराबाहेरच्या चपला

आबा,
सम्यकचा सविनय जय भीम. इथे वर्तकनगरात मी बरा आहे, जेवणही वेळेवर होतं. आईचा गुडघा कसा आहे?

आबा, माझी नोकरी मार्चमध्येच गेली. आता व्हिडिओ गेमची परीक्षणं लिहितो. लपूनछपून किल्ल्यात शिरायच्या एका गेमचा दुसरा भाग आलाय. त्यातला अंधार पहिल्या भागापेक्षा झकास, पण पहारेकरी बावळट. समोर खूण दिसली तरी त्यांना काही कळत नाही, परत फिरतात.

रविवारी तुम्ही भुसावळहून न कळवता आलात, तेव्हा तेच लिहीत होतो. तुमची हाक ऐकली आणि श्वास रोखून दाराआड उभा राहिलो. तुम्ही गेल्यावर दार उघडलं. कडीला लाडवांची पिशवी होती. आणि बाहेर उलटसुलट पडलेल्या माझ्या चपला तुम्ही नीट जुळवून ठेवलेल्या.

तोंड लपवलेला,
तुमचा सम्यक