तेल तापेपर्यंत

बुधवार, संध्याकाळ

टॉर्च इंजिनच्या ब्लॉकवर धरून सलीमभाईंनी भेग दाखवली. केसाएवढी. महिनाभर तेलाच्या तापमानाचा काटा विनाकारण लाल रेघेकडे जात होता, तो यामुळे.

"या जुन्या गाडीला दुसरा ब्लॉक आता मिळत नाही," ते म्हणाले. "भेगेला धातूचे टाके घालतो. पण वेग विसरा. बाबांसारखी घाटात पळवाल, तर पुन्हा माझ्याच दारात."

आई मागे उभी होती. बाबा गेल्यापासून पहिल्यांदाच गॅरेजमध्ये आली.

"पळवायचीय कुणाला? काटा चढेल ना?"

"चढेल, भाभी. उभ्या गाडीत वेळ लागेल."

"लागू दे."

मला कळलं नाही. काटा कशाला चढायला हवा, ते रिक्षात आईला विचारलं.

"मी शाळेत शिकवायची, तेव्हा हे मला सोडायला निघायचे, पण तेल तापेपर्यंत गाडी हलवायचे नाहीत. काट्याकडे बघत बसायचे, आणि तेवढा वेळ माझ्याशी बोलायचे. गाडी निघाली की गप्प." मग हसली. "थंडीत जास्त बोलायचे."

घरात बाबा बोलल्याचं मला आठवत नाही. आठवत नाही, की बोललेच नाहीत? रोज सकाळी खाली इंजिन घरघरत राहायचं. मी चिडून उशी कानावर घ्यायचो.

काटा चढायला हवा. एवढंच.

गुरुवार

सकाळी सलीमभाईंनी इंजिन उघडलं. भेग आत सिलिंडरपर्यंत गेली आहे, टाके टिकणार नाहीत, इंजिन आता चालू होणार नाही. आई गाडीत तिच्या नेहमीच्या डाव्या सीटवर जाऊन बसली. मी बाहेर थांबलो.